तेविसावा आस

केरबानं जॅकवर उचललेल्या गाडीचं चाक काढायला हात घातला, आणि चाक निघायच्या ऐवजी आसाचं टोकच चाकासकट खाली पडलं. पाय मागं घ्यायला त्याला जेमतेम वेळ मिळाला.

गाडी रिकामी होती. गाडीवाला अर्जुना नुसता पंक्चर काढायला आला होता आणि बैलं सोडून समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता. केरबानं मोडलेलं तोंड उजेडाकडं धरलं. दोन इंची चौकोनी लोखंडाच्या बरोबर मधोमध काळी पोकळ नस होती, किडक्या उसाच्या गाभ्यात असावी तशी. बाहेरून मात्र आस अगदी धडधाकट.

माधवनगरच्या कापड गिरणीमागं केरबाचा पत्र्याचा कारखाना होता. तिथं तो बैलांच्या टायरगाड्या बांधायचा. पंधरा वर्षं फौजेत ट्रक दुरुस्त केल्यामुळं त्याच्या हाताला शिस्त होती, आणि त्याची गाडी कुरकुरत नाही असा सांगली-मिरजेकडं लौकिक होता. हा आस ज्या खेपेतला, त्या खेपेचे तेवीस आस त्यानं तेवीस गाड्यांना लावले होते. कुठली गाडी कुठल्या गावात आहे हे त्याला तोंडपाठ होतं. चौऱ्याहत्तर सालची दिवाळी महिन्यावर आली होती. दिवाळी झाली की साखर कारखाने पेटणार, आणि त्याच गाड्यांवर दोन-दोन टन ऊस चढणार. उसाच्या मोळ्यांवर गाडीवानाची बायकापोरंसुद्धा बसलेली असत.

संध्याकाळी भागीदार लालासाहेब आले. शेडची जागा त्यांची, भांडवलही निम्मं त्यांचं. त्यांनी मोडका आस बघितला.

"एक मोडला म्हंजे तेवीस मोडत्यात असं कुठं हाय, केरबा?"

"कुठले मोडणार तेवढं सांगा. तेवढंच बदलतो."

"आन लोक काय म्हंत्याल? केरबाची गाडी मोडती, एवढंच ध्यानात ठेवत्याल. धंदा बसंल आपला."

"गाडीखाली माणूस गावल्यावर बी तेच म्हंत्याल."

लालासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "कर मग तुला काय करायचं ते," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

सांगलीच्या दैनिकात चार ओळी छापून आल्या. बाजाराच्या गावांतून दवंडी फिरली: केरबाच्या कारखान्यातून गेल्या सालात टायरगाडी नेलेल्यांनी गाडी घेऊन यावं, आस फुकट बदलून मिळेल, जुना आस जमा करून घेतला जाईल.

आठवडा गेला, एकही गाडी आली नाही. नव्या गाड्या सांगितलेले दोघं तेवढे आले आणि नको म्हणून गेले. बाकीचे लोक बोलत होते ते वेगळंच. फुकट कोण काही बदलून देतं का, यात काळंबेरं असणार, असं आधी टपरीवर ठरलं. मग कुणीतरी आठवण काढली की केरबा फौजेतला. बोलणं मिरजेच्या स्टेशनापर्यंत पोचलं तोवर त्याची कथा झाली होती: रणगाड्याचं भारी पोलाद चुकून या तेवीस गाड्यांना लागलंय, आणि आता सरकारला हिशेब द्यायचा म्हणून केरबाला ते परत हवंय. गाडीवाले आपापल्या आसाला तेल लावून पुसू लागले. एकानं तर गाडी गोठ्यात घालून कुलूप लावलं.

केरबानं हे घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको रंगूबाई हसत सुटली. तव्यावरची भाकरी करपायला आली तरी तिला आवरेना.

"हसतीस काय? मान्सं मरत्याल."

"आवं, तुमी आस परत मागताय म्हणून लोक भ्यात्यात. मागूच नगा. नवा बसवा आन जुना त्यांच्याच दारात टाका."

"आन उद्या त्योच परत बसवला तर?"

"मग दोन तुकडं करून टाका," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून केरबा लोखंड कापायची करवत घेऊन स्वतःच गावोगाव निघाला. चार माणसांदेखत आस काढायचा, मधोमध कापायचा, आणि दोन्ही तुकडे मालकाच्या हातात द्यायचे. कापायला अर्धा तास लागायचा; तोवर निम्मं गाव गोळा व्हायचं, करवत ओढायला गडी पाळी लावायचे. तुकडे वेगळे झाले की आतली काळी नस माणसं बोटानं चाचपून बघायची, आणि मग जो तो केरबाला जेवायला बोलवायचा. रणगाड्याची गोष्ट विरत गेली. कुणी त्या तुकड्यांना म्हशी बांधल्या. एका शाळेनं तुकडा टांगून त्याची घंटा केली. ती जरा बद्द वाजायची, पण पोरांना शाळा सुटलेली कळायला तेवढी पुरायची.

अर्जुनाचा धरून बावीस झाले. बाविसांतही नस निघाली. राहिला तात्याबा.

तात्याबा माणदेशातला. म्हसवडच्या अलीकडं एका वाडीवर राहायचा आणि दर सालाला ऊस ओढायला सांगलीकडं उतरायचा. केरबा नवा आस एसटीच्या टपावर टाकून निघाला. कंडक्टरनं वरच्या पाहुण्याला पूर्ण तिकीट लावू का अर्धं, असं विचारून गाडीभर हशा पिकवला.

तात्याबा बाभळीखाली दोरखंड वळत बसला होता. सत्तरीचा, पण पाठ ताठ.

"माजा आस चांगला हाय," तो मान वर न करता म्हणाला. "तुज्या रणगाड्याचं मला काय बी ठावं न्हाई."

"रणगाडा न्हाई, तात्याबा. कापून दावतो. बाविसांत नस निघाली, तुमच्यात बी हाय."

"हाय म्हंतोस?"

"असणारच."

तात्याबाची सून शालूबाई उंबऱ्यात उभी होती. "मामंजी, कापू द्या की," ती म्हणाली. "उसावर मी बसती, तुमी न्हाई."

तात्याबानं दोरखंड बाजूला टाकला. वाडी गोळा झाली. करवत चालू झाली. पातं तापलं की शालूबाई तांब्यातनं पाणी सोडायची. शेवटचा धागा तुटून तुकडे वेगळे झाले तेव्हा केरबानं एक उचलला, बाहीनं पुसला, उन्हात धरला आणि परत पुसला.

लोखंड आतून कडेपासून कडेपर्यंत लखलखीत होतं. नस नव्हती.

वीसेक माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यांतल्या कुणीच ती नस कधी पाहिली नव्हती. करवतीचे ओरखडे होते, त्यांतल्या एखाद्यावर बोट ठेवून हीच नस म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तात्याबा," केरबा म्हणाला, "तुमचा आस चांगला हुता."

"म्हंजे?"

"म्हंजे उगाच कापला. मोडला नसता त्यो."

गर्दीत कुजबुज झाली. तात्याबानं तुकडा हातात घेतला, उलटसुलट फिरवला, नखानं खरवडला.

"ह्यातलं मला काय कळतंय गड्या," तो म्हणाला. "किडकाय म्हनला असतास तर मी व्हयच म्हनलो असतो."

केरबा करवतीला लागलेला कीस पुसू लागला. तात्याबानं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग सुनेकडं वळला.

"शालू, भाकरी टाक ह्यास्नी. आस बसवायला दुपार जाईल."

दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी तांबडे पटके बांधलेले माणदेशाकडचे तिघं जण माधवनगरच्या टपरीवर चौकशी करत आले. "चांगला आस कापणारा केरबा हितंच बसतो का?" शेडच्या दारात लालासाहेब उभे होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. भांडण आलं म्हणून तेच पुढं झाले.

"काय काम हाय? झालं ते झालं. त्यानं नवा बसवून दिलाय की."

"व्हय, दिलाय," त्यांतला नाथाजी म्हणून थोरला होता, तो म्हणाला. "आमाला गाड्या सांगायच्या हायेत. तीन."

लालासाहेबांची आठी गेली. मग घाईनं बाकडं ओढून त्यांनी ते स्वतःच्या उपरण्यानं झाडलं. "बसा की. आस कसला हाय ते आता तुमच्यादेखत कापून दावतो. केरबा, करवत आण रं."

"कापायचं न्हाई," नाथाजी बसत म्हणाला. "चांगला हाय का न्हाई, त्येवढं केरबानं तोंडानं सांगायचं."

केरबा गाडीखाली पाना फिरवत होता. न कापता आतलं सांगायचं कसं, म्हणून तो लगेच बाहेर आला नाही.