कट्ट्यावर नापास झालेला नमुना

मित्रांनो, बाजारात मी तुम्हाला कधीच दिसणार नाही. माझ्यासारखा दुसरा जगात नाही आणि होणारही नाही. मी म्हशीची धार काढायच्या यंत्राचा एक जुना नमुना आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत अमरसिंहांच्या कारखान्यातल्या लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो. एक पंप, सडांना लावायचे चार कप, नळ्या आणि झाकणाची बादली, एवढाच माझा संसार. माझी गोष्ट सांगायची, तर मला घडवणाऱ्या संघप्रियापासूनच सुरुवात करावी लागते.

ती कोडोलीच्या धोंडीरामांची मुलगी. वस्तू हातात कशी बसावी, माणसाला कशी सोपी पडावी, याचं शिक्षण घेऊन ती या कारखान्यात डिझायनर म्हणून लागली. पहिल्याच आठवड्यात तिने माझं चित्र काढलं, तर म्हातारे टर्नर आकाराममामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, चित्र झ्याक हाय. पर म्हस ड्रॉइंग वाचत न्हाय."

दुसरी कुणी असती तर फुगून बसली असती. ही पठ्ठी मोजायची टेप घेऊन थेट राधानगरीकडच्या गोठ्यांत गेली. महिनाभर धार काढायला शिकली, दोनदा म्हशीच्या लाथा खाल्ल्या, बायकांच्या मुठी मोजून आणल्या. परत आल्यावर तिने माझा दांडा सात वेळा बदलला. शेवटचा असा जमला, की कडेवर पोर असलेल्या बाईनेही मला एका हाताने उचलावं.

प्रदर्शनात मला मांडलं तेव्हा लोक माझे फोटो काढत होते. माझा तोरा काय विचारता! आता माझे साचे होतील, त्यांतून निघालेली माझी हजारो भावंडं गावोगाव जातील, अशी स्वप्नं मी बघू लागलो. पण कारखान्याकडे मोटारींच्या सुट्या भागांचं मोठं काम आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. संघप्रियाही पुण्याला गेली. सहा वर्षं मी धूळ खात पडलो.

तिची खबर आकाराममामांकडून कळायची. तिने तिकडे मिक्सर केले, अपंगांसाठी खुर्च्या केल्या. मग एक दिवस मामा डबा खाता खाता म्हणाले, "आता ती वस्तू करत न्हाय म्हणं. कुठली करायची न् कुठली न्हाय, त्ये कंपन्यांस्नी सांगती." मला रागच आला. एवढी हातात कला, आणि आता नुसती तोंडाची वाफ दवडणार!

यंदा मोटारींचं काम आटलं. कारखान्यातल्या चाळीस माणसांच्या हाताला नवं काम हवं होतं. अमरसिंहांनी मला खाली उतरवलं, पुसलं, आणि साच्यासाठी पोलादाचे ठोकळेही आणून ठेवले. सल्ला द्यायला बोलावलं ते संघप्रियालाच. नारळ तेवढा फोडायचा बाकी होता. तिने एकच विचारलं, "दादा, विकणार कुणाला?"

"कट्ट्यावरच्या गवळ्यांस्नी. रोज सांजंला गिऱ्हाईक ताटकळत उभं असतंय. ह्ये लावलं की झटक्यात काम!"

कोल्हापुरात संध्याकाळी गवळी म्हशी दूधकट्ट्यावर आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. संघप्रिया म्हणाली, "मग आधी तिथं जाऊन येऊ या."

त्याच संध्याकाळी तिने मला कट्ट्यावर धार काढणाऱ्या अंबूबाईंच्या म्हशीला लावलं. मित्रांनो, मी आयुष्यात इतकं चोख काम केलं नव्हतं! म्हैस शांत उभी राहिली, दूध सरसर बादलीत गेलं. मी मान वर करून कौतुकाची वाट पाहू लागलो. रांगेतला एक जण म्हणाला, "आवो, धार कुठं हाय?" आणि एकेक गिऱ्हाईक शेजारच्या म्हशीकडे सरकलं.

अंबूबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "यंत्र लई गुणाचं हाय, बाई. पर ही माणसं धार बघाय येत्यात. झाकल्यालं दूध पिशवीतबी मिळतंय की."

कारखान्यात परतताच संघप्रिया अमरसिंहांना म्हणाली, "दादा, साचा कापू नका."

"आगं, तुझंच लेकरू हाय की ह्ये!"

"व्हय. आणि चूकबी माझीच. म्हशीची कास मोजली, बायकांचा हात मोजला. कॉलेजात असताना रोज कट्ट्यावर दूध प्यायची मी, पर पिणाऱ्याचा इचारच केला न्हाय. पोलाद एकदा कापलं की परत सांधत न्हाय. मला पंधरा दिवस द्या. लोकांस्नी काय पायजे, इचारून येते."

अमरसिंहांनी ठोकळ्यांवर फडकं टाकलं. मग म्हणाले, "मामा, ठोकळं ठेवा आत." आणि ते बाहेर निघून गेले.

पंधरा दिवसांनी ती राधानगरीहून आली ती पाठीवर बांधायच्या दुधाच्या किटलीचा विचार घेऊन. निसरड्या वाटेने गावच्या दूध संस्थेत दूध घालायला जाणाऱ्या बायकांनीच तो तिला सुचवला होता. आज इथे त्याच किटल्या होतात आणि चाळीसही जण कामावर आहेत. तोंडाची वाफ म्हणालो होतो मी! माझे शब्द मी मागे घेतो.

पण माझ्या मनात राहिली आहे ती कट्ट्यावरून परतलो ती संध्याकाळ. अमरसिंह निघून गेल्यावर तिने गरम पाणी मागवलं, बाह्या सारल्या आणि माझी एकेक नळी सोडवून धुवायला घेतली.

"आता कशाला धुतीस?" मामा म्हणाले. "ह्येला कोण वापरणार हाय?"

"आत दूध राहिलंय, मामा. नासंल."

नळ्या तिने दोन-दोनदा धुतल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत. मित्रांनो, तुम्हीही पुढे काहीबाही बनवाल आणि त्यातलं पुष्कळ चुकेल. चुकलं तर चुकलं म्हणा, जगाच्या गळ्यात मारू नका. फक्त ते भंगारात भिरकावण्याआधी एकदा आपल्या हातांनी स्वच्छ करा. मला नाकारलं त्याच हातांनी मला धुतलं, म्हणून मी आज कपाटावर एकटा आहे, पण आंबलेला नाही.