नाल्यावरची हाक

“गाडी नाल्यावरूनच घ्या,” धुरपता म्हणाली आणि पदर खोचून रेंगीत चढली.

तानबाच्या हातातला कासरा तसाच राहिला. दिवाळीला सासरी आल्यापासून तो याच वाक्याची धास्ती घेऊन बसला होता. येताना त्यानं मुद्दाम सडकेची लांबची वाट धरली होती आणि बायको तेव्हा चकार शब्द बोलली नव्हती. आता निघायच्या वेळी, भरल्या अंगणासमोर, तिनं सांगून टाकलं.

“तिकून काऊन? सडकेनं जाऊ ना. पोरायले हादरे बसत नाई.”

“नाल्यावरूनच.”

तिचा आवाज चढला नव्हता. सासरे नत्थूजी बैलाच्या पाठीवर हात फिरवत दुसरीकडे पाहू लागले. सासू देवकाबाई दशम्यांचं गाठोडं घेऊन चाकाशी उभी होती. तिनं लेकीचा हात धरला आणि आवाज खाली आणला, पण जावयाला ऐकू जाईल इतपतच.

“जात अशीन तर जाय. पन थ्याले हाक देऊ नको वं माय. मांगं राह्यलेला जीव हाकेले येते, पन मंग थ्याले एकटं राहाले भेव लागते. लहान्याचा हात धरून घेऊन जाते संग. माही आजी सांगे.”

धुरपतानं मांडीवरच्या तान्ह्या नानाला पदराखाली ओढून घेतलं. पाच वर्षांची भागी रेंगीच्या बांबूच्या तट्ट्याला टेकून ऊस चोखत होती. तानबानं बैल हाकले.

त्या भागात लेकरं घेऊन वाटेला लागायचं तर एक रीत असे. जिथे गाडी सोडली, जेवण केलं, झाडाखाली टेकलं, तिथून निघताना आईनं एकेका लेकराला नावानं हाक मारायची, “चाल बाप्पा, घरी चाल.” लेकरानं “ओ, आलो” म्हणायचं. अंगावर पिणारं असलं तर त्याच्या वतीनं आईनंच म्हणायचं. लेकराचं अंग गाडीत चढलं तरी जीव पाण्याकाठी दगड वेचत बसतो, म्हणून ही काळजी. तानबा पुलगावच्या गिरणीत सूतखात्यात होता. दिवसभर यंत्रांचा असा खडखडाट, की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, तिथे जिवाला हाका मारायच्या म्हणजे त्याला हसूच यायचं. बायकांचा खेळ आहे, खेळू द्यावा, असं म्हणून तो विडी पेटवायचा.

गेल्या दिवाळीला मात्र त्याला विडीपुरताही धीर निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी गाठायची होती आणि करंजीच्या नाल्यावर जेवणाला उशीर झाला होता. धुरपता पोटुशी, उठता उठता तिला वेळ लागला. तिनं भागीला हाक मारली, भागी “आली” म्हणाली. पुढचं नाव तिच्या तोंडात यायच्या आत तानबा “पुरे झाली नाटकं” म्हणाला आणि त्यानं बैलांना तुतारीची आर टोचली. जयवंता, त्यांचा थोरला, गाडीत मागे पाय सोडून बसला होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण नाला मागे पडला तसा तो गप्प होत गेला. नाचणगावला घरी पोचल्यावर जेवला नाही. रात्री ताप चढला. डॉक्टरानं ताप मेंदूत गेला असं सांगितलं आणि ते खरंही असेल. पण घरातल्या घरात, आईच्या मांडीवर पडून, तो पोर एकसारखं विचारी, “मा व, घरी कवा जाचं?”

आठवडाही काढला नाही त्यानं. गावाच्या शिवेवर लहान लेकरांना मूठमाती देतात, तिथं त्याला ठेवलं.

धुरपतानं नवऱ्याला बोल लावला नाही. एक दिवसही नाही. तिनं छाती पिटून भांडण केलं असतं, चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, तर तानबाला परवडलं असतं. ती भाकरी थापायची, नाना झाला तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालायची, आणि संध्याकाळी दारात उभी राहून नाल्याच्या दिशेला बघायची. तिकडे बघू नको, असं सांगायची तानबाची छाती नव्हती.

सूर्य कलायला लागला तेव्हा करंजीची झाडं दिसली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटून पांढरी झाली होती. वेचणाऱ्या बाया कुठे तरी असायला हव्या होत्या, पण शिवारात एक माणूस दिसत नव्हता. बैल नाल्यात उतरले आणि पाण्याशी थबकले. सकाळपासून तहानलेली जनावरं, पण तोंड खाली नेईनात. कान टवकारून दोघंही पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

“पेत काऊन नाई हे?” धुरपतानं विचारलं.

“पेतीन मंग,” तानबा म्हणाला. त्यानं त्यांना सोडून कुटाराचा चारा टाकला आणि त्या काठाकडे स्वतः पाहायचं टाळलं.

धुरपतानं गेल्या वर्षीचीच जागा धरली. गाठोडं सोडलं. भागीनं पळसाची पानं तोडून आणली, बापापुढं एक, आईपुढं एक, स्वतःपुढं एक आणि शेजारी आणखी एक मांडलं.

“नान्याले दात नाई अजून,” तानबा म्हणाला.

“नान्याचं नोहे,” भागी म्हणाली आणि त्या पानावर आपल्या दशमीतला अर्धा तुकडा ठेवला.

धुरपताचा घास हातातच राहिला. तानबानं पोरीला दटावलं नाही. तो मान खाली घालून जेवला. काय जेवला ते त्याला कळलं नाही.

जेवण झाल्यावर भागी पाण्याकाठी गेली. तिथं तिचं काही तरी चाललं होतं. दगड उचलायची, दाखवायची, थांबायची, मान डोलवायची. लेकरं एकटी खेळतात आणि एकटीच बोलतात, हे तानबाला ठाऊक होतं. पण एकटं खेळणारं लेकरू असं मधे मधे ऐकत उभं राहत नाही. तो उठून गेला आणि त्यानं तिचा दंड धरला.

“कोनासंग बोलून राह्यली?”

भागीनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, जराशी तक्रार होती.

“दादा म्हन्ते, पाय वल्ले झाले. कवाचा उभा हाय थो. तुम्ही थ्याले बलावलंच नाई म्हन्ते.”

तानबानं तिला उचललं आणि जवळजवळ पळतच गाडीशी आणलं. गेल्या वर्षी भागी चार वर्षांची, ऊस चोखत अर्धवट झोपेत होती. हाकेची गोष्ट पुढं घरात कोणी उच्चारली नव्हती. मग हे तिला कुणी सांगितलं? त्यानं इतक्या घाईनं जू चढवलं, की धाकटा बैल बुजला.

“चाल, बस लवकर,” तो बायकोला म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला आपलंच गेल्या वर्षीचं बोलणं ऐकू आलं. तो आपल्या जागेवर चढला. कासरा सैल धरून बसून राहिला.

धुरपता गाडीत चढली. नानाला मांडीवर घेतलं. पाण्याकडे तोंड केलं.

“भागे, चाल बाई, घरी चाल.”

“ओ, आली.”

“नाना, चाल बाप्पा, घरी चाल.” आणि मग तीच बारीक आवाजात म्हणाली, “ओ, आलो.”

पुढं काहीच आलं नाही. तानबा वाट पाहत होता. वर्षभर जे नाव तिच्या तोंडात अडकून होतं, त्यासाठीच ती इथं आली होती. पण मांडीवर ऊबदार नाना होता, आणि निघताना आईनं कानात ओतलेलं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिनं नानाला इतकं आवळलं की तो रडायला लागला. एका लेकराला बोलवावं तर दुसरं जाईल, आणि न बोलवावं तर ते तसंच पाण्यात उभं राहील, दरवर्षी.

“जाऊ द्या,” ती शेवटी म्हणाली. “हाका बैल. माह्यानं नाई होत.”

तानबाला तेव्हा तिची फार दया आली, आणि स्वतःचा मनस्वी राग आला. हाक अडवली होती त्यानं, अन् मारायची मात्र तिनं. तो गाडीवरच उभा राहिला. या सगळ्याला हसणारा तो गिरणीतला माणूस, नाल्याकडे तोंड करून ओरडला,

“जयवंता! चाल गा बापा. घरी चाल. मी बलावून राह्यलो तुले.”

करंजीचं पान हललं नाही. मग जू उचललं गेलं.

रेंगी दोन चाकांची. मागून कोणी चढलं की मागची बाजू दबते आणि पुढं बैलांच्या मानेवरचं जू वर येतं. गाडी हाकणाऱ्याला पाहावं लागत नाही, हाताला कळतं. मोठ्या माणसाचा हिसका वेगळा असतो. हा हलका होता, गुडघा टेकून, दमानं चढणाऱ्या लेकराचा.

“सरक ना व मा,” मागून भागी म्हणाली. “थ्याले बसू दे.”

तानबानं मागं वळून पाहिलं नाही. नाचणगावपर्यंतच्या वाटेत एकदाही पाहिलं नाही. बैल घामानं निथळत होते. नानाचं रडणं नाला ओलांडताच तुटलं होतं. तट्ट्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून तो मधेच हसे, हात पुढं करी, आणि धुरपता तो हात पकडून पुन्हा पदरात घेई. भागी आपली अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. धुरपताचे दात वाजत होते. थंडी तशी अजून पडली नव्हती.

“नान्याचं आंग गार लागून राह्यलं,” ती मधेच म्हणाली.

तानबानं बैलांना आवाज दिला. त्याला पळायचं होतं, पण कुणापासून पळायचं? मागं बसलेला त्याचाच पोर होता.

गावाचे दिवे दिसायच्या अगोदर शीव लागते. तिन्हीसांजा होत होत्या. बाभळीखाली लहान लहान दगडांचे ढीग होते, त्यातला एक त्यांचा. तानबानं गाडी थांबवली. वाट पाहिली. जू हललं नाही.

“उतरत नाई थो,” भागी म्हणाली. “थ्याले एकट्याले भेव लागते. नान्याले संग घे म्हन्ते.”

धुरपताच्या तोंडातून बारीक किंकाळी निघाली. तिनं दोन्ही लेकरांवर अंग टाकलं.

तानबा खाली उतरला. तो मागं गेला आणि पहिल्यांदा गाडीत पाहिलं. तिथं गोधडी होती, गाठोडं होतं, आणि भागीच्या शेजारी एक रिकामी जागा. त्यानं त्या जागेपुढं दोन्ही हात पसरले, झोपेला आलेल्या पोराला घ्यायला पसरतो तसे.

“नान्या लहान हाय बापा. थ्याले नाई येता येत,” तो म्हणाला. “मी येतो तुह्यासंग. तू निजेस्तोवर बसतो. ये.”

हात काही वेळ तसेच राहिले. मग ते जरा खाली आले, ओझ्यानं येतात तसे, आणि इतका वेळ उचललेलं जू पुन्हा बैलांच्या मानेवर टेकलं. तानबानं हात छातीशी घेतले, बाभळीखाली गेला आणि त्या ढिगाशी मांडी घालून बसला. धुरपताला अंधारात त्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू मागंपुढं हलत होती. पोरं झाली तेव्हा एकालाही त्यानं असं जोजवलं नव्हतं, गिरणीतून आला की अंग टाकून द्यायचा.

तो बराच वेळ बसला. उठला तेव्हा हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. गाडीवर चढून त्यानं कासरा घेतला, पण बैल हाकले नाहीत.

“हाक मार,” तो बायकोला म्हणाला. “पोरायले हाक मार. जल्दी नाई.”

“भागे, चाल बाई, घरी चाल.”

“ओ, आली.”

“नाना, चाल बाप्पा, घरी चाल.”

या खेपेला तिनं त्याच्या वतीनं ओ दिली नाही. नाना तिच्या मांडीवर गार पडून होता, डोळे उघडे, बाभळीकडे लागलेले. तिनं पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, ओरडून. नानाचं तोंड वाकडं झालं, श्वास अडकला आणि एकदम त्यानं असा टाहो फोडला की बैलांनी माना झटकल्या. धुरपता हसत आणि रडत त्याला छातीशी लावू लागली. गालाला गाल लावून ऊब पाहू लागली.

“दादाले काऊन नाई मारली हाक?” भागीनं विचारलं.

धुरपतानं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं तिथं हात ठेवला.

“थो घरी हाय,” ती म्हणाली.

तानबानं बैल हाकले. गाडी बिनओझ्याची चालू लागली. भागीनं शेजारी हात फिरवून पाहिला, आणि नाल्यापासून अंग चोरून बसलेली ती पोर गोधडीवर हातपाय पसरून झोपी गेली. जागा भरपूर होती.