भीमराज पेंटरच्या चौकटी

“कागद द्या, गुरुजी. कशावरनं काडायचं?” भीमराज पेंटर ब्रश पुसता पुसता म्हणाला.

मी म्हणालो, कागद नाही. शाळेच्या या भिंतीवर तुमच्या मनातलं काढा.

तो हसला, पण ब्रश पुसायचा थांबला. पाथर्डी-शेवगाव रस्त्यावर त्याच्या हातची पाटी नाही असं गाव नव्हतं. खताच्या जाहिराती, डेअरीचे फलक, टेम्पोमागची कमळं. सगळं नमुन्यावरून. शेवगावच्या कचरू पेंटरकडे तो शिकला. तिथे पहिलं वर्ष त्याने नुसत्या आडव्या रेघा मारल्या. मग छोट्या चित्रावर चौकटी पाडायच्या, भिंतीवर तितक्याच पण मोठ्या पाडायच्या, आणि छोट्या चौकटीच्या घरातलं मोठ्या घरात उतरवायचं. रंग वाळला की चौकटी पुसायच्या. चौकट दिसली म्हणजे पेंटर कच्चा, असं कचरूअण्णा म्हणत.

“तीस वर्सं दुसऱ्याचंच काडतोय, गुरुजी,” भीमराज म्हणाला. “हात माजा, डोकं दुसऱ्याचं. माजं असं काय हाय का न्हाई, ते आता ह्या भितीवर कळंल.”

चौऱ्याण्णव साल होतं, दसरा नुकताच झाला होता. आठवड्याने ऊसतोडीचे ट्रक येणार होते आणि निम्मी शाळा आईबापांबरोबर जाणार होती. मुलांनी चित्र पाहून जावं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्या दिवशी भीमराजने निळीत बुडवलेली सुतळी ताणून अख्ख्या भिंतीवर चौकटी पाडल्या. हात सवयीने चालला. शेवटची चौकट पडल्यावर तो मागे सरकला आणि बघतच राहिला. उतरवायला चित्रच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब येऊन बघून गेले. “पेंटर, शाळा हाय का कोंबड्याची जाळी?” सगळे हसले, भीमराजही हसला. पण थोड्या वेळाने तो रंगाचे डबे आवरू लागला. मला म्हणाला, उद्या चुना मारून देतो, भिंत निदान पांढरी तरी राहील. मी आग्रह केला नाही. मूल फळ्यापुढे अडलं की मी उत्तर सांगत नाही, पण हातातला खडूही काढून घेत नाही. मी फक्त चहा मागवला.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. तिसरीतली धनश्री भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर हाताचा पंजा ठेवून तिने घरं मोजली. साडेचार भरली. मग रांगच लागली. गोरक्ष चार घरांचा निघाला, तोही टाचा उचलून, अशी तक्रार आली. भांडण मिटवायला मी उठलो, तर धनश्री भीमराजला सांगत होती,

“ऊस तोडून आल्यावर मी पाच घरं हुनार. घरं पुसू नका, पेंटरकाका.”

भीमराजने हातातला डबा खाली ठेवला.

पुढचे तीन दिवस तो एकेका मुलाला भिंतीशी उभं करून कडेने रेघ फिरवत होता. कुणाचा उसवलेला खिसा, कुणाच्या वर वळलेल्या वेण्या, सगळं भिंतीवर आलं. आणि चौकटी त्याने पुसल्या नाहीत, पक्क्या निळ्या रंगाने गिरवल्या. मी विचारलं, कचरूअण्णा काय म्हणाले असते?

“शिव्या दिल्या अस्त्या,” तो म्हणाला. “मंग रेघ कुटं हालली का, ते बगाया जवळ आले अस्ते.”

ट्रक यायच्या आदल्या दिवशी मुलांनी हट्ट धरला की पेंटरकाकाही भिंतीवर पाहिजेत. भीमराज गुपचूप पाठ लावून उभा राहिला. धनश्री कोळसा घेऊन स्टुलावर चढली. दोन मुलांनी स्टूल धरलं. तिने काढलेला एक खांदा वर गेला, दुसरा खाली आला आणि कान पपईएवढा झाला. मुलं हसून लोळायची बाकी राहिली. पुन्हा बघायला आलेले आबासाहेब म्हणाले, पेंटर, तेवढं नीट करून घ्या.

भीमराजने वळून ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग बारीक ब्रश घेतला, आणि तिची रेघ जिथे जिथे हलली होती तिथे तिथे तशीच हलवत, पार कानाच्या टोकापर्यंत रंगवत नेली.