एकोणिसावी जोडी

“आज तरी बघा, सर. उद्या मासे जाणार. मग कितीही वाटलं तरी मी दाखवू काय?”

गणितवाले सर कपाट रिकामं करत होते. लॅब बंद व्हायला एकच दिवस उरला होता आणि मासे सांभाळणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. सव्वीस वर्षांत त्यांनी हे शंभरदा तरी म्हटलं असेल, आणि दर वेळी सरांनी काहीतरी सबब सांगून वेळ मारून नेली होती. आज मात्र बाई हटायला तयार नव्हत्या. ज्या गोष्टीवर या माणसानं जन्म घालवला, ती त्यानं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गोष्ट तशी इवलीशी होती. माशाच्या अंड्यात पाठ तयार होते ती एकदम नाही. डोक्याकडून शेपटीकडे एकेक तुकडा सुटत जातो, डावा-उजवा जोडीनं, दर अर्ध्या तासाला एक जोडी. पुढे त्यातूनच मणके होतात. आता हे अर्ध्या तासाचं घड्याळ चालवतं कोण? शेपटीकडच्या पेशींमधलं एक जनुक प्रथिन बनवतं, साठलं की तेच प्रथिन जनुकाला गप्प करतं, आणि प्रथिन विरलं की जनुक पुन्हा कामाला लागतं. या चालू-बंदमध्ये नेमका किती उशीर होतो, याची समीकरणं मांडता मांडता सरांचे केस पांढरे झाले. आकडे मात्र बाईंचे. मायक्रोस्कोपला डोळे लावून त्या जोड्या मोजायच्या आणि भिंतीपलीकडे ओरडायच्या, “बारा झाल्या!” पलीकडून उत्तर यायचं, “दोन मिनिटं उशीर! पाणी गार झालंय तुमचं!” बाई तणतणत थर्मामीटर बघायच्या, आणि पाणी खरंच गार झालेलं असायचं. काय दिवस होते ते! दोघांचेही केस काळेभोर, आणि घरी जायचं भान दोघांनाही नसायचं.

“बरं, चला,” सर अखेर म्हणाले आणि भिंतीला हात लावत बाईंच्या मागोमाग आले.

बाईंची कोण धांदल उडाली. त्यांनी खुर्ची पुसली, तिची उंची जुळवली, कालच्या अंड्यांतलं सगळ्यात देखणं अंडं निवडून बशीत ठेवलं. सरांनी बसून, वाकून डोळे लावले.

“वा!” ते म्हणाले. “काय सुंदर आहे हो!”

बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. आणि मग त्यांची नजर मायक्रोस्कोपच्या बटणाकडे गेली. गडबडीत खालचा दिवाच लावायचा राहिला होता. आत अंधाराशिवाय काही नव्हतं.

आधी त्यांना रागच आला. तोंडदेखलं कौतुक करायला का बोलावलं होतं यांना? मग भिंतीवरून सरकत आलेला तो हात आठवला. गेलं वर्षभर सर प्रत्येक आलेख बाईंकडून वाचून घेत होते, आणि बाई त्याला आळस म्हणत होत्या.

त्यांनी हळूच बटण दाबलं. खट् आवाज झाला आणि सरांनी मान वर केली.

“दिवा बंद होता?”

“हो, सर.”

“वर्ष झालं, बाई. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं गेलं. तुमचा हिरमोड नको म्हणून...”

“मग आधी का नाही हो बघितलंत? इतकी वर्षं पलीकडेच तर होतात!” बाईंचा आवाज चढला आणि तिथंच फाटला.

“आकडे होते ना तुमचे. वाटायचं, पळून थोडंच जातंय, बघू उद्या.” सर खुर्चीतून उठले. “आता तुम्हीच सांगा. कसं असतं ते?”

बाई बसल्या, मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि सवयीनं म्हणाल्या, “अठरा.”

“आकडा नको, बाई.”

बाई गांगरल्या. सव्वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“पाण्यासारखं आरपार असतं, सर,” त्या चाचरत म्हणाल्या. “पाठ इतकीशी, वळलेली. दोन्ही अंगांना जोड्या, एकीला एक टेकून बसलेल्या. शेवटच्या जोडीची कड आत्ताच उमटलीय, पुसट आहे अजून. आणि तिच्यामागे...” त्यांना पुढचं दिसेना. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. “तिच्यामागे नुसतं मऊ मऊ. काहीच नाही अजून.”

सर स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

“सावकाश सांगा,” ते म्हणाले. “एकोणिसावीला अजून अर्धा तास आहे.”