बिनबोलका पूर्णविराम

तिसरीच्या बाईंनी वर्गात विरामचिन्हांचं नाटक बसवलं. अडखळत बोलणाऱ्या चिमणीला त्यांनी पूर्णविराम केलं, कारण पूर्णविरामाला संवाद नसतो. तालीम झटपट उरकली आणि बाई स्वतःवरच खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी चिमणीची आई वर्गाच्या दारात हजर.

"बाई, पोरगी काल घरभर नाचत होती! म्हणते, मी येऊन उभी राहिल्याशिवाय कुणाचंच वाक्य पुरं होत नाही, म्हणून बाईंनी मलाच निवडलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

बाईंना खडूचा ठसका लागला. खडू अजून डबीतच होता.

"उपकार कसले! उद्यापासून तिला प्रश्नचिन्हही करते. त्याला बोलायचं असतं."

"अगंबाई! वेळ लावील हो ती."

"लावू दे," बाई खाली बघत म्हणाल्या.