एडिथच्या नावाची ओळ

मित्रांनो, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा मी एक जुना प्रोग्राम आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

डिग्बीच्या बंदरात पाणी इतकं ओसरतं, की धक्क्याला बांधलेली बोट चिखलात टेकते. एडिथ कोमोने मला लिहिलं ते भाऊ लायनेलच्या लॉब्स्टरच्या बोटीसाठी. मग तिने मला सगळ्यांसाठी खुलं केलं. तिची अट साधी होती : वापरा, बदला, खुशाल विका, फक्त माझं नाव राखा आणि कुलूप घालू नका.

वर्षानुवर्षं मी राबलो. कोळी माझं कौतुक करायचे. मग एका कंपनीने मला उचललं, चकचकीत पेटीत कोंबलं आणि आत कुणी बदल करू नये म्हणून वर कुलूप ठोकलं. चोरी दिसू नये म्हणून एडिथचं नाव असलेली प्रत्येक ओळ पुसली. काय म्हणावं या शहाण्यांना! त्यातली एक ओळ नुसती सही नव्हती. आमच्याकडे दर वसंतात सरकारी नियमाने सगळे जण घड्याळं तासभर पुढे करतात, तो तास तीच सांभाळायची. एडिथने तिला आपलं नाव दिलं होतं, इतकंच.

यंदा घड्याळं पुढे सरकली आणि लायनेल गुडघाभर चिखलाने माखून एडिथच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. हातात तीच पेटी.

"तुझ्या फुकटच्यापेक्षा बरी असेल म्हणून घेतली गं. बोट रुतली ना माझी!"

"आधी ते बूट काढ."

तेवढ्यात माझ्याबद्दलच्या तक्रारींसाठी एडिथने इंटरनेटवर ठेवलेल्या पानावर, साऱ्या जगासमोर, त्याच कंपनीचा निरोप आला. मला कुठून उचललं ते बरोबर लक्षात होतं त्यांच्या! सोबत नावं पुसलेला मी, आणि खाली हुकूम : 'एक तास चुकतो. आमची गिऱ्हाइकं खोळंबली आहेत. ताबडतोब दुरुस्त करा.'

"चोराच्या उलट्या बोंबा!" लायनेल ओरडला. "माझ्या पेटीत तरी घाल ती ओळ परत."

"कशी घालू, गाढवा? कुलूप त्यांचं आहे."

मला वाटलं, आता ही मलाही कुलूप लावणार. लावलं असतं तरी मी दोष दिला नसता. पण बंदरातल्या कितीतरी बोटींवर त्याच पेट्या होत्या. तिने उत्तर लिहिलं, 'ओळ पहिल्यापासून इथेच आहे. घेऊन जा, नावासकट.'

कंपनीने कळवलं, 'आभारी आहोत. नाव वगळून मिळेल का?'

मित्रांनो, मला विकून पोट भरा, मी रागावणार नाही. पण लिहिणाऱ्याचं नाव राखा, आणि दुरुस्त करू पाहणाऱ्याला दार उघडं ठेवा. लायनेलच्या बोटीवर मी पुन्हा खुला, नावासकट चालतो आहे. कंपनीने ती ओळ नावासकट घेतलीच नाही; शेजारच्या बोटींवर, त्या पेट्यांत, तोही मीच आहे. तिथे मी भल्या माणसांना रोज तासाभराचं खोटं सांगतो, आणि मला कुणी गप्पही करू शकत नाही.