तुळशी ओरडली तेव्हा

तुळशी गोडाउनमधून ओरडतच बाहेर आली आणि आमच्या अंबरनाथच्या कंपनीतली सगळी मशीनं थांबली. थांबली म्हणजे माणसांनी थांबवली. "जयदेवशेठनी माजा हात धरला!" ती सगळ्यांदेखत म्हणाली. औषधाच्या बाटल्यांची बुचं निवडणारी, बारवीकडच्या पाड्यावरून येणारी, चार महिन्यांची टेम्पररी बाई. आणि तिच्यासाठी पन्नास माणसं काम सोडून उभी राहिली!

मी पॅकिंगची सुपरवायझर, नऊ वर्षं जुनी. खरं सांगते, मला राग आला तो तिचा. शेठचा नाही. त्याच गोडाउनमध्ये सत्याऐंशी साली, मी नवी असताना, त्यानं माझा पदर ओढला होता आणि मी तोंडातून ब्र काढला नव्हता. बदलापूरला घरी जाऊन रोजच्यासारख्या पोळ्या लाटल्या होत्या. माझ्यासाठी कुठलं मशीन थांबणार?

थोरले धर्मराजशेठ म्हणजे जयदेवचे सख्खे भाऊ आणि निम्मे मालक. त्यांनी धाकट्याला त्याच दिवशी घरी पाठवलं, वॉचमनला ताकीद दिली, याला आत सोडायचं नाही. तेवढंही मी पचवलं असतं. पण दसरा आला आणि मशीनपूजेला जयदेवच्या जागी त्यांनी तुळशीला बसवलं. पूजेचं ताट दरवर्षी मी लावायची, यंदाही मीच लावलं. तिनं नारळ फोडला, जनू फिटरनं टाळ्या वाजवल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी थोरल्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मालिनीताई, एकीच्या शब्दावर भावाला भागीदारीतून काढलं, तर घरचे म्हणतील बाईनं कुभांड रचलं. अजून एकजण बोलली, तर मी आजच कागद करतो. नाहीतर दिवाळीनंतर त्याला परत घ्यावं लागेल. तुमच्याशी कधी काही...?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण मग सगळी कंपनी म्हणाली असती, तुळशी बोलली म्हणून मालिनीबाईंना कंठ फुटला. नऊ वर्षांची मी, त्या पोरीच्या मागे उभी राहणार?

"नाही," मी म्हणाले. "माझ्याशी कधीच नाही."

दिवाळी झाली आणि जयदेवशेठ कामावर आला. गोडाउनची किल्ली पुन्हा त्याच्याकडे गेली. त्याच दिवशी तुळशीनं काम सोडलं. मी खोकी मोजत होते, तर जाता जाता ती आपणहून माझ्याजवळ आली.

"थोरल्या शेठनी सांगितला मना, तुमच्याशी तो कदी वंगाळ वागला नाय," ती म्हणाली आणि तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "बरा झाला, बाई. मना तुमचीच काळजी लागली होती."

तिचं हे चांगुलपणही मला बघवलं नाही.

"मी मोजतेय, तुळशी," मी म्हणाले. "मध्ये बोलू नकोस."